संचयिकेच्या पैशांचा मांडव

कारभारी गुरुजींइतका चिकट मास्तर अख्ख्या हर्सुलात नव्हता. गोळ्या-बिस्किटांकडं निघालेलं पोर ते गेटवरच गाठायचे आणि त्याचे चार आणे संचयिकेत, म्हणजे शाळेच्या बचत बँकेत, जमा करायचे. भरायचे कसे, काढायचे कसे, व्याज कसं मोजायचं, सगळं घोकून घ्यायचे. "तुमचा पैसा, मागाल त्या दिवशी परत," हे त्यांचं रोजचं पालुपद.

सहावीच्या पोरांनी वर्षभर अजिंठ्याच्या सहलीसाठी पैसे साठवले. आमच्या हेडमास्तरांनी ते सगळे संस्थेच्या अध्यक्षांच्या, आप्पासाहेबांच्या, साठीच्या सत्काराच्या मांडवात घातले. "जरा फिरवाफिरव केली," म्हणाले. माझ्या गावाकडं याला चोरी म्हणतात.

गुरुजींनी भांडण केलं नाही. सत्काराच्या दिवशी त्यांनी पोरांकडून पैसे काढायच्या चिठ्ठ्या भरून घेतल्या आणि सगळ्यांना स्टेजपुढं रांगेत उभं केलं. मग बापलोक उठले. संस्थेत कुणाला शिपाई व्हायचं होतं, कुणाला भाच्याला चिकटवायचं होतं. त्यांनी आपापलं पोर कान धरून रांगेतून ओढलं. लाचार मेले! मला त्यांची किळस आली, ती अजून गेलेली नाही.

रांगेत उरली एकटी कमरुन्निसा. आप्पासाहेबांनी हसत पन्नासची नोट काढली. "घे बेटा, बक्षीस."

"बक्षीस नको. माझे बेचाळीस रुपये द्या."

तिचा बाप नूरमोहम्मद शिंपी तिच्यामागं येऊन उभा राहिला. "दे दो साब. बच्ची का पैसा है."

हेडमास्तरांनी घाईघाईनं स्वतःच्या खिशातून बेचाळीस काढून आप्पासाहेबांच्या हातात दिले, त्यांनी पोरीच्या हातावर ठेवले. फोटोवाल्यानं नेमका तेवढाच फोटो काढला.

दोन दिवसांनी तो पेपरात आला. खाली छापलेलं, 'बचतीबद्दल विद्यार्थिनीस अध्यक्षांच्या हस्ते बक्षीस.' हेडमास्तरांनी कात्रण फळ्यावर डकवलं आणि त्याच दुपारी गुरुजींच्या हातात वैजापूरच्या बदलीचा हुकूम दिला.

गुरुजी पिशवी घेऊन निघाले तेव्हा फळ्यापाशी गर्दी होती. ज्यांचे पैसे बुडाले तीच पोरं कमरुन्निसाला घेरून विचारत होती, "तुलाच कसं काय बक्षीस भेटलं गं? आमी बी तर पैसे भरले व्हते."