थिजलेलं खोबरेल

आज सकाळी खोबरेलाची बाटली पुन्हा थिजली होती. अब्बांचे गुडघे चोळायचे, मग कामावर पळायचं. बाटली तळव्यांत धरून मी ओट्याला टेकले. उभं राहायचंही त्राण नव्हतं.

त्या वासाने मला मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या रविवारच्या रिकाम्या रस्त्यावर नेलं. मी तेरा वर्षांची, पायांत स्केट्स, आणि जिल्ह्याच्या संघाची निवड. सर महिनाभर एकच घोकत होते, "खाली वाक. पाय मागे नाही, बाजूला ढकल." त्या गार सकाळी मी अगदी तशीच वाकले, बाजूला ढकललं, पण चाकं जडच. फिरेनातच.

कतारहून सुट्टीवर आलेल्या अब्बांनी आदल्या संध्याकाळी, मला न सांगता, बेअरिंगमध्ये खोबरेल घातलं होतं. "दाराच्या बिजागरीला घालतो तेच," ते म्हणाले. मी सगळ्यांसमोर ओरडले, "तुम्हाला काही कळत नाही!"

ते रस्त्याकडेला उकिडवे बसून एकेक चाक तळव्यांत धरून त्यावर तोंडाची वाफ सोडत राहिले. निवड हुकली. चार दिवसांनी ते परत गेले. तोवर मी त्यांच्याशी अक्षरही बोलले नाही.

इतकी वर्षं मला त्या निवडीचंच वाईट वाटत आलं. ते चार दिवस मी कधी आठवलेच नव्हते.

आतून अब्बांची हाक आली, "तेल थिजलंय ना? आण गो इकडे, मी गरम करतो."

मी बाटली त्यांच्या तळव्यांत ठेवली.