समेवरची दाद

मंडळी, अत्यंत गंभीर बाब जाहीर करायची आहे, तेव्हा चहाचे कप खाली ठेवा. मिनीॲपोलिसच्या एका भरगच्च सभागृहात, सुटाबुटातल्या गोऱ्या रसिकांच्या समक्ष, ईडन प्रेरी या उपनगरातल्या एका मराठी गृहस्थांनी ऑर्केस्ट्राला खणखणीत दाद दिली होती.

आमचे काका. पेशाने पुलांचे इंजिनिअर, हौस तबल्याची. गाडीचा इंडिकेटर टिकटिकला की स्टिअरिंगवर त्यांची बोटं सुरू. डिशवॉशरसुद्धा त्यांच्या मते झपतालात चाले. कुठलीही कॅसेट लावा, पहिला प्रश्न ठरलेला, "सम कुठाय, ते सांग आधी."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नोकरीत नवा, ग्रीन कार्ड बॉसच्या मर्जीवर. विमानतळावरून मला काकांनीच घरी आणलेलं, तीन महिने त्यांच्या बेसमेंटमध्ये ठेवून घेतलेलं. त्याची उतराई म्हणून मी तिकिटं काढली. हंगेरीतल्या गावगाण्यांवरून शंभरेक वर्षांपूर्वी बांधलेली मोठी रचना वाजणार होती. जाताना काकांनी विचारलं, "इथे दाद देतात का रे?" मी चेहरा सरळ ठेवून म्हणालो, "बिनधास्त द्या, काका. त्यांना आवडतं."

आधी व्हायोलिनं रेंगाळली, विलंबितासारखी. मग लय चढत चढत थेट जत्रेत शिरली. काकांचा हात मांडीवर चालूच. शेवटी एकच तुकडा तीनदा आला आणि धाडकन सगळं थांबलं. साक्षात तिहाई. त्या शांततेत काकांची थाप पडली आणि पाठोपाठ, "क्या बात है!"

रचना संपली नव्हती. तो नुसता विराम होता. कंडक्टरची काठी हवेत, आणि अख्खा हॉल आमच्याकडे बघतोय.

इथवरचा किस्सा मी मंडळाच्या प्रत्येक गणपतीत साभिनय सांगत आलो. काका पहिल्या रांगेतून सगळ्यांत मोठ्याने हसायचे. "थाप नीट दाखव," म्हणायचे. पुढचं मी सांगत नसे. तेही नाही.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. भेटायला जमलेल्यांत काकूंनीच मला तो किस्सा सांगायला लावला. म्हणाल्या, "ह्यांना फार आवडायचा." मी सांगितला, तेवढाच. पुढचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्या कार्यक्रमात आमच्या पुढच्याच रांगेत माझा बॉस होता. मध्यंतरात तो वळला आणि हसत, अगदी कौतुकाने, त्याने विचारलं, हे तुझ्याबरोबर आहेत का? मी उत्तर दिलं. काकांनी आमच्या दोघांमधल्या खुर्चीच्या हातावरून आपलं कोपर हळूच काढून घेतलं. कार्यक्रम संपल्यावर ते दहा पावलं मागून चालत आले, अनोळख्यासारखे. गाडीत बसल्यावर एवढंच विचारलं, "तुझे साहेब गेले ना?" वाटेत इंडिकेटर टिकटिकला. बोटं हलली नाहीत.

त्या हॉलमध्ये त्या दिवशी दोघं जण विचार न करता बोलून गेले. दुसरा मी. बॉसला म्हणालो होतो, "नो, नो. आय डोन्ट नो हिम."