एक जूनला जन्मलेली माणसं

मिहीर, सई, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, त्या मोठ्या विमा कंपनीचं पुढे काय होईल? पैसे गुंतवावेत का?" मला शेअरबाजार कळत नाही. त्या कंपनीचं भवितव्य अख्ख्या शेवगावात एकाच माणसाला कळतं: तुमच्या आजोबांचे वर्गमित्र, विमा एजंट. यंदा त्यांची एजन्सीच जाता जाता राहिली, म्हणून आताच लिहिते आहे.

कंपनीचे साहेब धंद्याचा अंदाज कागदावर मांडतात, हे एजंट तोच अंदाज लग्नाच्या पंगतीत बसून मांडतात. सोयरीक जमली की एक पॉलिसी, पाळणा हलला की दुसरी. जेवताना त्यांची नजर जिलबीपेक्षा यजमानाच्या पोटाच्या घेरावर जास्त. गिऱ्हाइकापुढे मरणाचा उच्चार मात्र कधी केला नाही. "तुमी शंभर वर्सं जगनार हाय, पन तोवर खानार काय?" असं म्हणून पेन्शनचा फॉर्म पुढे करायचे. मला एकदा पोहे खाताना म्हणाले, "वहिनी, आता धंदा मरनात न्हाई, म्हातारपनात हाय. पोरं परदेशी, आई-बाप लई जगत्यात. कंपनीला काय भ्या न्हाई!" मग भिंतीवरच्या तुमच्या बाबाच्या परदेशातल्या फोटोकडे लक्ष गेलं आणि त्यांनी पोह्यांची बशी पुढे ओढली.

यंदा नवे शाखाधिकारी आले. शहरातले, तरुण. संगणकावर त्यांना दिसलं, की या एजंटचे निम्म्याहून अधिक ग्राहक एक जूनला जन्मलेले आहेत. माणसंच खोटी, असा त्यांचा समज झाला. नोटीस आली: आठ दिवसांत खुलासा करा, नाहीतर एजन्सी रद्द. एजंटांनी सगळा जन्म याच कामात घातला होता. दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत.

पूर्वी खेड्यात जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? शाळेत नाव घालताना मास्तर सरसकट एक जून टाकत. हे मी एजंटांना खुलासा म्हणून स्वच्छ इंग्रजीत लिहून दिलं. पण कागदावर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी साहेबांनाच मोटारसायकलवर मागे बसवलं आणि दारोदार नेलं.

शिंपीकाम करणारे रहीमचाचा म्हणाले, "एक जून." त्यांचे शेजारी म्हणाले, "एक जून." चौथ्या-पाचव्या दारापासून साहेबच विचारू लागले, "एक जून ना?"

गिरणीवाली म्हणाली, "कागदावर त्येच. खरी मी पोळ्याची. बैलं सजवीत हुते, तवा आईच्या पोटात कळ आली. तुमचा कवाचा, सायेब?"

"बारा डिसेंबर."

"मंग तुमच्या आईला लिवता येत आसंल."

साहेबांनी मान हलवली. पुढचं दार त्यांनी पाहिलंच नाही. नोटीस मागे घेतली.

एजन्सी वाचली, पण हल्लीची मुलं मोबाईलवरच पॉलिसी घेतात. नोटिशीनंतर त्यांच्याकडे नवं गिऱ्हाईक एकही आलेलं नाही. तरी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघतात. पेन्शन चालू राहायला हयातीचा दाखला लागतो, तो आता फोनवर चेहरा दाखवून निघतो. ज्यांची मुलं लांब आहेत, त्यांच्यापुढे हे फोन धरतात. गेल्या आठवड्यात माझ्यापुढे धरला.

"डोळं मिटा. उघडा. झालं वहिनी, आजून वरीसभर तुमी हाय."

चहा घेऊन ते शेजारच्या दारी गेले. एजन्सी अजून त्यांच्याच नावावर आहे.