नेकबख्तची शेपटीवाली इंग्रजी

बुधवारी लायब्ररीमागच्या हॉलमध्ये आधी नेकबख्तचा आवाज शिरतो, मग वेलचीचा वास आणि मग ती स्वतः. खांद्याला थर्मास, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी गरम, आणि तोंडात आठवडाभर जपून आणलेला एखादा इंग्रजी शब्द. अंगातला कोट निघायच्या आतच तिचं सुरू होणार, "टीचर जान, 'नॉक ऑफ' चांगलं की वाईट?"

अर्थ तिला नंतर चालतो. आधी चांगलं की वाईट ते सांगा.

मी त्या इंग्रजीच्या वर्गात शिकत नाही आणि शिकवतही नाही. खुर्च्या मांडते, चहाचं बघते, फळा पुसते आणि मधेमधे नाक खुपसते. माझा नवरा इथल्या फळं डबाबंद करणाऱ्या कॅनरीत फिटर म्हणून लागला तेव्हापासून मी ऑस्ट्रेलियातल्या या शेपर्टनमध्ये आहे. तो गेला, पोरं मेलबर्नला पांगली, मी इथेच राहिले. नेकबख्त हजारा जमातीची, अफगाणिस्तानातली. मधली बरीच वर्षं तिने क्वेट्ट्यात काढली, म्हणून तिच्या उर्दूचं आणि माझ्या हिंदीचं गुळपीठ जमतं. मला ती आपा म्हणते आणि सख्ख्या बहिणीसारखी भांडते. मलाही भांडायला कोणीतरी हवंच असतं.

आमची टीचर म्हणजे नोलीन. सत्तरी उलटली तरी खडू हातात घेतला की बाई तिशीची होते. या वर्षी तिने वर्गाला शेपटीवाली क्रियापदं शिकवायची ठरवली. म्हणजे काय, तर गेट, पुट, टेक असं एखादं गरीब बिचारं क्रियापद घ्यायचं आणि त्याला अप, ऑफ, ऑन अशी शेपटी लावायची. झालं! ते जन्मदात्यांना ओळख देईनासं होतं.

पहिल्याच दिवशी एवाझकाका भडकले. एवाझकाका वर्गात सगळ्यांत मोठे, आणि सगळ्यांत तापट.

"ही भाषा आहे की चेष्टा?" ते म्हणाले. "पुट म्हणजे ठेवणे, अप म्हणजे वर. मग 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे कुठून आलं?"

"ते तसंच आहे, एवाझ," नोलीन म्हणाली. तिचं अर्धं व्याकरण 'ते तसंच आहे' यावरच उभं आहे.

मला राहवलं नाही. "काका, आमच्या भाषेत दिवा लावतात, जीव लावतात, कामाला लावतात आणि वाटेलाही लावतात. लावणं एकच."

"मग तुमचीही चेष्टाच," काका म्हणाले आणि हात बांधून बसले.

नेकबख्त मात्र खूश. तिला लिहिण्याचा कंटाळा, पण कान असे तिखट की विचारू नका. ती फळांच्या पॅकिंग शेडमध्ये काम करते. दिवसभर पट्ट्यावरून पेअर येतात, ही निवडते, खोक्यात भरते आणि आजूबाजूचं बोलणं गोळा करते. बुधवारी वर्गात तो अख्खा प्रसंग वठवून दाखवते. कोण बोललं, कसं उभं राहून बोललं, भुवया कुठे गेल्या, सगळं. नोलीनने नुसतं बघून अर्थ सांगायचा.

'नॉक ऑफ'साठी तिने भोंगा वाजवला, हातमोजे ओरबाडून काढले आणि कंबर हलवत दाराकडे गेली.

"काम संपवून सुटणं," नोलीन म्हणाली.

"वाटलंच मला! सगळ्यांची तोंडं ईदसारखी झाली होती."

मग एकदा ती 'रॅक ऑफ' घेऊन आली. शेडबाहेर पांढरे काकाकुवे खोक्यांवर तुटून पडले होते, आणि फोर्कलिफ्टवाल्याने टोपी फेकून मारत त्यांना हे सुनावलं होतं. नेकबख्तने टोपी फेकली, मानेच्या शिरा ताणल्या, शब्द फेकला. नोलीन कानांपर्यंत लाल.

"ते... म्हणजे... चल, चालता हो. पण वर्गात नको हं, नेकबख्त."

नको म्हटल्यावर ही ऐकणार थोडीच! चहाच्या वेळी एवाझकाकांनी बोलानीच्या ताटाकडे पुन्हा हात नेला. बोलानी म्हणजे तिच्या हातची पातळ, बटाटा-पातीचा कांदा भरलेली पोळी, ती मी कितीही खाऊ शकते. नेकबख्तने ताट ओढणीआड घेतलं आणि म्हणाली, "काका, रॅक ऑफ!" काका इतके चकित झाले की हात तसाच हवेत राहिला. नोलीनला हसून हसून चष्मा काढून डोळे पुसावे लागले. दुसऱ्या क्षणी हिने स्वतःच त्यांच्या बशीत दोन बोलान्या घातल्या, तेही ते नको नको म्हणत असताना.

ही बाई जन्माची वाढपी आहे. क्वेट्ट्यात गल्लीतल्या लग्नांचा स्वयंपाक हिच्याकडे असायचा. इथे आल्यावर शेड मिळाली. गुडघे दुखतात त्याची तिची तक्रार नाही. एकदा माझ्या ओट्याशी उभी राहून म्हणाली, "आपा, आठ वर्षं खोकी भरतेय. त्यातलं एक फळसुद्धा कुणाला खाताना पाहिलं नाही मी." बोलून झाल्यावर तिने माझी आमटी ढवळली आणि मीठ कमी आहे म्हणून मलाच झापलं.

टर्म संपताना हॉलवर जेवण होतं. नोलीनची मैत्रीण शेरिल आली होती. तिच्याकडे प्राथमिक शाळेचं कॅन्टीन आहे, आणि तिची स्वयंपाकीण नुकतीच क्वीन्सलँडला निघून गेली होती. शेरिलने एक बोलानी खाल्ली, दुसरी खाल्ली, मग ताटच पुढ्यात ओढलं. मी मोरीशी कप विसळत होते. एवढंच दिसलं की शेरिल नेकबख्तशी काहीतरी बोलतेय आणि आमच्या बाईसाहेबांचा चेहरा उजळलाय. घरी जाताना ती गात होती.

सुट्टी लागली. नेकबख्तने नवा एप्रन शिवला. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शेडमध्ये न्यायला लागली. शाळा पुन्हा सुरू व्हायच्या सुमाराला माझ्याकडे आली ती पडेल चेहऱ्याने.

"आपा, शेरिल कधी विचारणार गं?"

"काय विचारणार?"

"कॅन्टीनचं स्वयंपाकघर घेशील का म्हणून. त्या दिवशी विचारलं ना तिने. 'टेक ऑन' म्हणाली. मला बरोबर कळलं, अंगावर घेणे."

"अगं मग विचारलंय की! तू काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले." ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच खुळी. "छातीवर हात ठेवून म्हणाले, नाही नाही, मी कसली, माझ्या हाताला काय चव! पहिल्याच वेळी हो म्हणू? हावरट नाही का दिसणार?"

"आणि ती?"

"ती म्हणाली, नो वरीज, लव्ह. आणि अजून एक बोलानी घेतली."

मी कपाळाला हात लावला. कारण मला तिचं शंभर टक्के कळत होतं. आमच्याकडे पंगतीत पहिल्या 'नको'ला जो वाढपी खरंच पुढे सरकतो, त्याचा उद्धार लोक पान उचलेपर्यंत करतात. पण या गावात मी निम्मं आयुष्य काढलंय. सुरुवातीला मीही नको म्हणून कितीतरी घरांतून उपाशी आलेय.

"नेकबख्त, नीट ऐक. इथे नको म्हणजे नको."

"मग ज्याला खरंच नको असतं तो काय म्हणतो?"

"तोही नकोच म्हणतो."

"आणि ज्याला हवं असतं?"

"तो हो म्हणतो."

"एकदम? तोंडावर?"

"एकदम. तोंडावर."

ती पायरीवर मटकन बसली. "म्हणजे गेलं, आपा." तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गेलं काय? ऊठ, जाऊन सांग तिला."

"मी? स्वतःच्या तोंडाने मागू? माझी आई कबरीत कूस बदलेल." त्यावर ती ढिम्म हलेना. बजावून गेली की शेरिलला काही सांगितलंस तर याद राख.

ती टॅक्सीत बसेपर्यंत मी थांबले आणि तडक शेरिलकडे गेले. ती कॅन्टीनच्या दारात पावाची क्रेट उतरवत होती.

"तिला परत विचार," मी म्हणाले.

"कुमुद, ती नाही म्हणालीय. बाई नाही म्हणते तर मी तिच्या मागे लागू? तिच्या शब्दाला काही मान आहे की नाही?"

बोलणं चोख होतं, म्हणूनच माझं डोकं फिरलं. "मान ठेवायचा तर तीनदा विचार! पहिल्यांदा ती नाही म्हणेल. दुसऱ्यांदा जमिनीकडे बघून नाही म्हणेल. तू सोडू नकोस. विनवण्या कर, गळ घाल."

"आणि तिला खरंच नको असलं तर?"

"तर ती चौथ्यांदा नाही म्हणेल."

शेरिलने क्रेट खाली ठेवली. "गुरुवारी मला दुसऱ्या एका बाईला होकार कळवायचाय. सँडविचवर किती दिवस भागवू?"

"गुरुवारच्या आधी बुधवार येतो," मी म्हणाले.

बुधवारी वर्ग भरला. नेकबख्त आली, पण ना शब्द आणला ना वेलचीचा वास. चहाच्या आधी शेरिल दारात उभी. बिचारी घामाघूम झालेली, ओठ पुटपुटतायत. गाडीत पाठ करत आली असणार. सगळ्या वर्गासमोर ती नेकबख्तच्या खुर्चीपाशी गेली.

"नेकबख्त, आमच्या शाळेचं स्वयंपाकघर..."

"येस!" नेकबख्त ओरडली. इतक्या जोरात, की एवाझकाकांच्या हातातली पेन्सिल पडली.

शेरिल थांबलीच नाही. "असं म्हणू नकोस, प्लीज. तुझ्यासारखी दुसरी मिळायची नाही मला."

"येस, येस! आय टेक ऑन!"

"मुलं तुझ्या हातचं खातील ना, तर..." शेरिल डोळे मिटून गळ घालत होती. मी मागून हातवारे करून थकले.

शेवटी नोलीन म्हणाली, "शेरिल, अगं ती हो म्हणाली."

शेरिलने डोळे उघडले. "हो म्हणाली? पण कुमुद म्हणाली होती की तीनदा..."

हॉलमध्ये असा हशा उसळला की शेजारून लायब्ररीवाली डोकावून गेली. एवाझकाका उठून उभे राहिले. "शनिवारपासून मी हिला हो म्हणायला शिकवतोय! चहा घेणार? हो म्हण. साखर हवी? हो म्हण. लगेच म्हण, लाजू नको. माझ्या घरातला सगळा चहा प्यायली ही पोरगी!"

"तुम्हीच म्हणालात ना, सराव कर," नेकबख्त म्हणाली. तिचे गाल तापले होते. मग तिने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "शेरिल जान, आत्ता किती वेळा विचारलंस मला?"

"दोनदा. तिसरं अर्धं."

"मग ते पूर्ण कर ना."

"पण तू तर हो म्हणालीस!"

"म्हणाले. काम मी घेतलं, ते झालं." पुढचं इंग्रजी जमेना म्हणून ती माझ्याकडे वळून बोलली, आणि मी ते शेरिलला सांगितलं. ती म्हणाली, "या देशात आल्यापासून मला कुणी कशासाठीच दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. मला वाटायचं, मी कुणाला नकोच आहे."

नोलीन खिडकीकडे वळली. शेरिल खुर्ची ओढून नेकबख्तच्या समोर बसली, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारत पुन्हा पहिल्यापासून विचारलं.

नेकबख्तने एक हात सोडवून छातीवर ठेवला. मान खाली घातली. "नाही नाही," ती म्हणाली, "मी कसली, माझ्या हाताला काय चव!"

"सोमवारी सकाळी सातला ये," शेरिल म्हणाली. "दार मी उघडून ठेवते."