अमृतरावांची सावड

आमचे अमृतराव काका म्हणजे डोंगरकडा गावचे अर्थशास्त्रज्ञ. हसू नका, खरंच! हिंगोलीच्या कॉलेजात जन्मभर अर्थशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले अन् गावाला शिकवायला बसले. जिल्ह्याच्या साप्ताहिकात त्यांचे लेख यायचे, ते पारावर मोठ्यानं वाचले जायचे. आमदाराचं कोणी ऐकत नव्हतं, काकांचं ऐकायचे.

त्यांचा सगळा राग सावडीवर. सावड म्हणजे एकमेकांच्या शेतात कामाला जायची आमची जुनी रीत. कोणाकडून किती माणसं आली हे कोणी मोजत नसे. काकांनी लिहिलं, फुकटच्या मदतीनं माणूस मिंधा होतो, जेवढे हात द्याल तेवढेच मागा. लोकांना पटलं. पटणारच की, गावात कामचुकार काय कमी होते? पण त्यात चतुराबाईचे हाल झाले. गुडघे गेलेली एकटी विधवा, ती कुठून हात देणार? तिचं शेत पडीक राहिलं. "लई शानपना करून राहिले तुमी," काकू भांडली. काका म्हणाले, नियम म्हणजे नियम.

मागच्या फाल्गुनात काकांना अर्धांगवायू झाला, वाचाही गेली. पोरं पुण्यात. शिजवलेली हळद अंगणभर वाळत घातलेली, काकांच्या दवापाण्याची सगळी भिस्त तिच्यावरच. एका दुपारी अवकाळी आभाळ भरून आलं. भिजली तर हळद काळी पडणार, अन् भरायला काकू आणि मी, दोघीच. मी पळत शिवशंकरकडे गेले. काकांचा पट्टशिष्य. घरात चार धडधाकट माणसं बसलेली.

"अरे, चल की! काहून बसला?"

तो उठला, डोळे पाण्यानं भरले. "ताई, सरांच्या घरून आता एकबी हात परत येनार न्हाई. फुकटचं घेनं त्यांला मरनाहून वाईट. त्यांचा शब्द आमी कसा मोडावा?"

"मुडदा बशिवला तुझ्या शब्दाचा! चल, त्यांनाच विचार."

ओढतच आणला त्याला. काका ओसरीत बाजेवर पडलेले. शिवशंकर पाया पडला. "सर, हळद भरायला येऊ का आमी?"

काकांचे ओठ थरथरले, घशातून नुसता आवाज निघाला. आजारानं त्यांची मान सारखी हलायची, डावीकडून उजवीकडं. तेव्हाही ती तशीच हलत राहिली.

"बघा ताई, न्हाई म्हनून राहिले," शिवशंकर म्हणाला. हात जोडून तो निघून गेला.

पाऊस आला. आम्ही दोन पोती भरली, बाकीची भिजली. काका बाजेवरून बघत होते.