गिअरबॉक्स पाहायचा कार्यक्रम

माझ्या साडूंइतका घाईचा माणूस आणि त्यांच्या गाडीइतकी उशिरा पोचणारी गाडी अख्ख्या मराठवाड्यात एका घरात सापडायची नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लातूरला त्यांची डाळमिल आहे. चहा ते कधी फुंकून पीत नाहीत, कारण त्यात वेळ जातो. तोंड भाजून घेतात आणि मग दिवसभर तोंड भाजल्याची तक्रार करतात. लग्नाला गेले तर शेवटचं मंगलाष्टक संपायच्या आत पंगतीत बसलेले. दवाखान्यात डॉक्टर नाडी बघत असतात तोवर ह्यांचे पाय चपला शोधत असतात. अशा माणसाने लांब नाकाची, सोफ्यासारख्या सीटांची एक जुनी देशी मोटार घेतली आणि तिच्यात कुठल्याशा परदेशी गाडीचं टर्बोवालं इंजिन बसवून घेतलं. मूळ गाडीत पन्नासेक घोड्यांची ताकद होती, आता तीनशेच्या वर घोडे आहेत, असं ते सांगतात. मिलमध्ये तुरीचा भाव विचारायला आलेल्या माणसालाही भावाच्या आधी हा आकडा ऐकावा लागतो.

एवढे घोडे धावायचे कुठे, हा प्रश्न त्यांना पुष्कळांनी विचारला. लातूरहून आमच्या नांदेडला यायचं म्हणजे चाकूर, अहमदपूर, लोहा. मध्ये उसाच्या ट्रॉल्या, ‘काम चालू आहे’चे फलक, आणि एक गतिरोधक सरपंचाच्या दारापुढे, तर दुसरा सरपंचकीला पडलेल्याच्या दारापुढे. गाडी जरा कुठे पाचव्या गिअरमध्ये जाऊन मोकळा श्वास घेणार, तोच समोर म्हशी. मी एकदा हे बोलून दाखवलं, तर साडू म्हणाले, “पाहुणे, ताकद हाय म्हनून वापरलीच पायजे असं कुठं लिवलंय? तुमच्या बँकेत एवढा पैसा पडून हाय, तुम्ही वापरता का?” मी बँकेत कॅशियर आहे. ह्या इंजिनाला जोर आला की बॉनेटखालून एक बारीक शिट्टी वाजते. ती त्यांना इतकी आवडते की त्यांनी ती मोबाइलवर घेऊन रिंगटोन करून टाकली. एका मयतीच्या घरी सगळे मान खाली घालून बसलेले असताना ती त्यांच्या खिशात वाजली, आणि आतल्या खोलीतून कुणीतरी कुकर बंद करायला धावलं.

पण गाडीत घोडे वाढले तरी गिअरबॉक्स जुन्या गरीब इंजिनाचाच होता. त्याला हा जोर झेपेना. साडूंनी जरा पाय दाबला की तिसऱ्या गिअरचे दात जात. गेलेले गिअर त्यांनी फेकले नाहीत. बैठकीतल्या शोकेसमध्ये, मुलाला शाळेत मिळालेल्या कपाशेजारी ते ओळीने मांडून ठेवले आहेत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते एकेकाकडे बोट दाखवून सांगतात, “ह्यो रेणापूरला गेला. ह्यो बिचारा मुखेडच्या लग्नाला जाताना.” आवाजही घरातलं कुणी गेल्यासारखाच असतो. शेवटी त्यांच्या मिस्त्रीने हात टेकले. “मालक, आता एक तर ह्या इंजिनाला सोसंल असा बळकट गिअरबॉक्स आना, न्हाई तर गाडी विटांवर चढवा,” असं तो सरळ म्हणाला आणि हात पुसायला निघून गेला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती लातुरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाही तिच्यात काही विचित्र वाटत नाही. साडूंच्या गाडीचे गिअर साडू टाकत नाहीत. अक्का टाकतात.

अक्का म्हणजे माझी मेव्हणी. लग्न नवं होतं तेव्हा साडू मिलमध्ये पोत्यांच्या थप्पीवरून पडले आणि डावा हात प्लास्टरमध्ये गेला. घाईच्या माणसाला घरात बसवेना. तेव्हाच्या गाडीत त्यांनी नव्या नवरीला डावीकडे बसवलं आणि शिकवलं. पायाने क्लच दाबला की ते म्हणायचे “हं”. अक्का उजव्या हाताने गिअर टाकायच्या आणि म्हणायच्या “पडला”. मग ते क्लच सोडायचे. प्लास्टर निघालं, हात धडधाकट झाला, त्याच हाताने ते अजून तुरीचं पोतं उचलून दाखवतात. पण गाडीत बसले की तो हात स्टिअरिंगवरून हलत नाही. गाड्या बदलल्या, मुलं मोठी होऊन पुण्याला गेली, “हं” आणि “पडला” चालूच राहिलं. मुखेडच्या त्या लग्नाला जाताना दोघांचं कशावरून तरी कडाक्याचं भांडण झालं होतं. मी मागे बसलो होतो. अर्ध्या वाटेपर्यंत दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत, फक्त “हं” आणि “पडला”. पुढे तिसऱ्या गिअरचे दात गेले तेव्हा अक्का म्हणाल्या, “न्हाई पडला,” आणि भांडण मिटलं. ह्या पद्धतीमुळे साडूंना एकट्याने कुठे जाताच येत नाही. ते सलूनमध्ये दाढी करून घेत असतात तेव्हा बाहेर गाडीत अक्का मेथी निवडत बसलेल्या असतात.

त्यामुळे बळकट गिअरबॉक्स शोधायचा म्हणजे दोघांनी मिळून शोधायचा, हे ओघानेच आलं. आणि स्थळ पाहायला दोघांनीच कसं जायचं, म्हणून तिसरा मी. गाडी विटांवर असल्यामुळे नेणं-आणणं माझ्या गाडीने. माझी गाडी आपोआप गिअर बदलणारी आहे. तिच्यात बसताना साडू दर वेळी विचारत, “पाहुणे, ही गाडी हाय का पाळना?” आणि मग वाटभर स्वतःच्याच नकळत डावा पाय दाबत राहत.

पहिलं स्थळ उमरीचं होतं. एका भंगारवाल्याकडे मोठ्या जीपचा गिअरबॉक्स आला होता. चांगलं खानदान, अंगाने भरलेला, वाटेल तो जोर सोसणारा. भंगारवाल्याने तो गोणपाटावर मांडला होता. त्याच्यापुढे अक्कांसाठी खुर्ची आली, चहा आला. अक्कांनी इरकलीचा पदर खोचला, लिव्हरला हात घातला आणि साडू “हं” म्हणाले. पहिला पडला, दुसरा पडला. तिसऱ्याला अक्कांनी ओठ आवळले, खांदा लावला, मग हात काढून घेतला. “पडतोय, पन हात भरून येतोय,” त्या म्हणाल्या. साडू ताडकन उठले. “न्हाई जमत. चला.” भंगारवाला मागे मागे येत म्हणाला, “अहो मालक, गाडी कोन चालवनार हाय, तुम्ही का बाई?” साडू तोवर माझ्या गाडीत जाऊन बसले होते. चहा मात्र निघताना माझाही त्यांनीच पिऊन टाकला होता.

नंतर उदगीरला एक पाहिला. तो सहा गिअरांचा आणि परदेशी, पण सहाव्यासाठी लिव्हर एवढी दूर जायची की अक्कांना जागेवरून उठावं लागलं असतं. नांदेडला एक पाहिला, तो बळकटही होता आणि मऊही, पण त्याच्या लांबीमुळे लिव्हर साडूंच्या मांडीपाशी निघणार होती. “तितं तिचा हात पोचत न्हाई,” साडूंनी निकाल दिला. जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या मंडळींचा त्यांचा एक ग्रुप आहे. त्यात टॉर्क, दातांचा कोन, बेअरिंग ह्यांवर रोज चर्चा चाले आणि सगळ्यांचा सल्ला एकच होता, बळकट घ्या, बाकी काही बघू नका. साडूंनी ग्रुपवर नुसतं विचारलं, “हाताला कसा हाय?” त्यावर कुणीतरी लिहिलं, व्यायाम करा.

आमच्या घरी मात्र मला बायकोकडून कळलं की अक्कांची बोटं हिवाळ्यापासून सुजतात. सकाळी त्यांना पातेल्याचं झाकण धरवत नाही. भाकरी आता कामवाली थापते. हे त्यांनी साडूंना सांगितलं नव्हतं, आणि साडूंना हे माहीत आहे हे साडूंनी अक्कांना सांगितलं नव्हतं. नांदेडच्या त्या दुकानातून परतताना अक्का मागच्या सीटवरून म्हणाल्या, “चांगला बळकट घिऊन टाका बरं. किती हिंडायलात! मला न्हाई पडला तर मी बसंन घरी. तुमाला हात हाय की.” साडू खिडकीतून बाहेर बघत राहिले.

मी जरा शहाणपणा केला. पुढच्या खेपेला साडू मिलमध्ये एकटेच भेटले तेव्हा म्हणालो, “अहो, माझ्या गाडीसारखा आपोआप चालणारा गिअरबॉक्स बसवून टाका की. बळकटही मिळतो, अक्कांच्या हातालाही त्रास नाही.” साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या मिलमधल्या डाळीत खडे आहेत असं म्हटलं. “मंग तुमच्या अक्कानं गाडीत बसून काय करावं?” ते म्हणाले. “खिडकीबाहेर बघावं?”

त्या दिवशी मला त्या माणसाबद्दल जे वाटलं ते मी त्यांच्या तोंडावर कधीच बोलणार नाही. बोललो तर ते लगेच तीनशे घोड्यांचं सांगायला लागतील. पण घरी आल्यावर मी उगाच बायकोच्या हातातली भाजीची पिशवी घेतली, आणि तिने मला बरं वाटत नाही का, असं विचारलं.

मागच्या महिन्यात आमच्या घरी जावळाचा कार्यक्रम होता. मी लातूरला काही कामाला एसटीने गेलो होतो, तर साडूंचा फोन आला, “पाहुणे, आमच्यासंगंच चला. गाडी उतरली विटांवरून.” गिअरबॉक्स कुठला मिळाला ते त्यांनी सांगितलं नाही. मी मागे बसलो. चाकूर गेलं तरी मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, शिट्टी नाही. “शिट्टी कुठं गेली?” मी विचारलं. “टर्बोचा दाब उतरवला. कान दुखायचे,” साडू म्हणाले. म्हणजे असं झालं होतं की अक्कांच्या हाताला पडेल एवढा मऊ गिअरबॉक्स मिळाला, पण तो तीनशे घोडे सोसणारा नव्हता. तेव्हा साडूंनी घोडेच कमी करून टाकले. किती उरले, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला आणि ती जुनी शिट्टी खिशातून ऐकू आली.

अहमदपूरच्या पुढे गंमत म्हणजे रस्ता नवा झालेला होता. सिमेंटचा, सरळ, रुंद, ना ट्रॉली ना म्हैस. ह्या गाडीने जन्मभर ज्याची वाट पाहिली तो रस्ता. साडू “हं” म्हणत, आणि पूर्वी ज्याच्या पाठोपाठ “पडला” यायचं, तिथे आता मध्ये थोडा वेळ जाऊ लागला. तेवढा वेळ साडू क्लच दाबून शांत बसत. मागचे हॉर्न वाजवत, दुधाची पिकअप आम्हाला ओलांडून जाई, आणि हा घाईचा माणूस समोर बघत राही. लोहा सुटल्यावर तर त्यांनी “हं” म्हणणंच सोडलं. गाडी तिसऱ्यातच रडत चालली. अक्कांनी हात मांडीवर घेतला होता, बोटं चोळत होत्या.

“का हो, चौथा टाकायचा न्हाई का?” अक्कांनी विचारलं.

“रस्ता खराब हाय,” साडू म्हणाले.

अक्कांनी समोरच्या त्या गुळगुळीत रस्त्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. मग चोळत असलेला हात उचलून त्यांनी लिव्हरवर ठेवला आणि म्हणाल्या, “म्हना की हं.”

साडूंनी क्लच दाबला. “हं,” ते म्हणाले, अगदी हळू. गाडी नुसती गडगडत पुढे जात राहिली, मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, आणि मागच्या सीटवर मीही डावा पाय दाबून धरून अक्का “पडला” कधी म्हणतात त्याची वाट पाहत बसलो.