देवीवाल्या भाऊंची कबुली

देवी काढायला, म्हणजे देवीची लस टोचायला, येणारे भाऊ आमच्या तांड्यात शिरले की तोंड उघडण्याआधी स्वतःची बाही वर करत. दंडावरचे जुने वण दाखवून म्हणत, "मी मंत्र नाही मारून राह्यलो. आठव्या दिवशी फोड आला तर लस लागली, नाही आला तर नाही. तुमच्याच डोयानं पाहा." बाकीचे सरकारी लोक दरडावत, हा माणूस 'पाहा' म्हणायचा. म्हणून तर मी माझा पाच महिन्यांचा रामू त्यांच्यापुढे धरला. अठरा वर्षांची होते, चार इयत्ता शिकलेली. "पोर जड झालं का तुले?" सासू ओरडली. पण माझं पाहून जावेनं आणि आणखी चारपाच जणींनी लेकरं पुढे केली.

आठव्या दिवशी एकाही दंडावर फोड नव्हता. शीतळामाय पावली म्हणून सासूनं तांडाभर गूळ वाटला. तेवढ्यात बोरी अरब गावाहून भाऊ आले. एकेक दंड पाहताना त्यांचा चेहरा उतरत गेला. गूळ खाऊन परत गेले असते, तर कुणाला काय कळणार होतं!

"नाईक, लस मेलेली होती," ते तांड्याच्या नाईकांना म्हणाले. "एसटी बंद पडली, थर्मासातला बर्फ पाणी झाला. मले शंका आलती, तरी टोचलं. चूक माझी. शेजारच्या गावात देवी आल्या, पुन्हा टोचा लागते."

नाईकांनी काठी आपटली. "आज लस मेली म्हनता. उद्या पोरगं मेलं म्हनसान!" माणसं भोवती गोळा झाली. सासूनं रामूला हिसकावून घेतलं. मलाही भाऊंचा संताप आला होता. "आज बर्फ हाय का?" मी विचारलं. त्यांनी थर्मास उघडून माझ्यापुढे केला. "हात घालून पाह्य, बाई." बोटं बधिर झाली. मी रामूला परत घेतलं. जावेनं मात्र आपली मुलगी पदराआड लपवली.

या वेळी रामूच्या दंडावर टपोरा फोड आला. महिन्याभरात तांड्यातही देवी आल्या, आणि जावेची मुलगी गेली.

भाऊ भेटायला आले. "पयल्या दिवशीच परत फिरलो असतो, तर तिनं पोरगी लपवली नसती," म्हणाले आणि रडले. मग सासूनं दंडभर बांगड्या खांद्याकडे सारल्या आणि दंड टोचायला पुढे केला.

पुढे त्यांची बदली झाली. रामूच्या दंडावर वण आहे, पण मला आठवते ती त्याच्याशेजारची कोरी जागा. पहिल्या वेळी तिथं काहीच उठलं नाही, हे भाऊंनी कबूल केलं, म्हणून माझा रामू आहे.